राजमची नवी शेजारीण

तंजावुरात मेलवीथीच्या मागच्या गल्लीत एक लांबलचक घर होते. दारावरच्या दगडात 'सौख्यनिवास' असे नागरी अक्षरांत कोरलेले होते, पण ते वाचू शकणारे गल्लीत थोडेच. बाकी सगळे त्याला 'पाट्टी वीडु' म्हणत, म्हणजे आज्यांचे घर. राज्य गेल्यानंतरच्या काळात राजघराण्यातल्या एका बाईसाहेबांनी ते निराधार मराठी बायकांसाठी बांधवून घेतले होते. जिचे कुणी उरले नाही, किंवा उरलेल्यांना जी नकोशी झाली, तिने इथे यावे, एक खोली घ्यावी आणि शेवटपर्यंत राहावे.

बांधकाम चालू असताना बाईसाहेब स्वतः गवंड्यांसमोर येऊन बसत, असे सांगतात. खरे असावे, कारण म्हातारपण जवळून पाहिल्याशिवाय कुणी असे घर बांधणार नाही. एकाही खोलीला उंबरा नव्हता, पाय अडखळू नये म्हणून. ओवरीच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक सागवानी पट्टी चौफेर फिरवली होती. तिला धरून चालता चालता बायकांच्या तळहातांनी ती इतकी गुळगुळीत झाली होती की पावसाळ्यात ओली वाटे. मधे उघडे अंगण, चारी बाजूंनी लाकडी खांब, खांबांवर चुन्याच्या कमानी आणि कमानींच्या टोकांना चुन्याचेच पोपट. प्रत्येक खोलीला दोन दारे. एक पुढे ओवरीत उघडणारे, दुसरे मागे कोल्लैत, म्हणजे परसात.

पण कुणा मुलाला हे घर दाखवायचे झाले, तर आधी भिंतीतले झरोके दाखवावे लागतील. दोन खोल्यांच्या मधल्या प्रत्येक भिंतीत, निजलेल्या माणसाचा हात पोचेल अशा बेताने, एक झरोका ठेवलेला होता. वाटी जाईल एवढाच. त्याला दोन फळ्या, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि दोन कड्या. दोघींनी आपापली फळी उघडली तरच झरोका उघडे. एकीला बोलायचे नसेल तर दुसरीची जबरदस्ती चालत नसे.

पहाटे जाग आली की फळी उघडून शेजारणीला विचारायचे, "उठलीस का ग?" पलीकडून उत्तर येई, "आहे." मग ती दुसऱ्या भिंतीशी जाऊन पुढच्या बाईला विचारी. असा एकच प्रश्न खोल्याखोल्यांतून अंगणाभोवती फिरून स्वयंपाकघराशी पोचे, आणि मग तांदूळ धुवायला घेत.

एखादी बाई वारली की शेजारणीने आपली फळी लावून घ्यायची आणि खोलीत नवी बाई येईपर्यंत उघडायची नाही. नवी आली की ती पहिल्यांदा झरोका उघडी. कडीचा आवाज ऐकून शेजारीण आपली फळी उघडी आणि आत एक वाटी सरकवी, काहीतरी स्वतःच्या हाताने केलेले. एवढेच तिथले स्वागत.

१९६० सालापर्यंत घरात दोघीच उरल्या होत्या. नव्या बायका येईनाशा झाल्या होत्या. मुले नोकरीसाठी मद्रासला, दिल्लीला गेली. आईला बरोबर नेली तर नेली, नाहीतर मागे घर सांभाळायला ठेवली. पण धर्मादायात ठेवणे आता कमीपणाचे झाले होते.

रस्त्याच्या बाजूच्या खोलीत चंद्रमती राहत असे. तिच्या खोलीला गल्लीकडे खिडकी होती, आणि शाळेत जाणारी मुले, भाजीवाली, देवळाचा हत्ती असे काहीबाही तिला दिसे. अंगणाच्या पलीकडच्या बाजूला राजम. राजमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. तिला उजेड आणि सावली एवढेच कळे. दोघींच्या मधल्या सगळ्या खोल्यांना कुलपे होती आणि दोघींमध्ये बोलणे नव्हते.

ते बंद झाले कमलाक्षीच्या मरणापासून. कमलाक्षी राजमच्या शेजारच्या खोलीत राहत असे. दोघींचे इतके सूत होते की त्यांचा झरोका दिवसभर उघडाच असायचा. एके दिवशी दुपारी जेवणाचे पात्र घेऊन गेलेल्या बाईला कमलाक्षी थंड झालेली सापडली. सगळे धावले. कारभारी आले, गल्लीतले लोक आले. आणि त्या सगळ्यांच्या देखत चंद्रमती राजमला म्हणाली, "सकाळी एकदा हाक मारायला तुझं काय गेलं असतं? शेजारीण म्हणवतेस!"

राजमने आपल्या खोलीत जाऊन भिंतीतली फळी लावली, कडी घातली, आणि त्या दिवसापासून ती चंद्रमतीशी बोलली नाही. चंद्रमतीही बोलली नाही. ती फटकळ होती, पण आपण कमी बोलतो असा तिचा समज होता.

स्वयंपाकाला नागलक्ष्मी येत असे. ती सकाळी येई, दोघींचे रांधून, पात्रे त्यांच्या खोलीत पोचवून दुपारी घरी जाई. दोघींमधले निरोपही तीच पोचवी.

"राजमअक्कांना विचार, पंचांग त्यांच्याकडे आहे का," चंद्रमती म्हणे.

"अय्यो, एवढंसं तर अंगण! इथून बोललात तरी ऐकू जाईल त्यांना," नागलक्ष्मी म्हणे, आणि तरी विचारून येई.

त्या वर्षी आषाढात कारभारी बाळकृष्णराव सुतार घेऊन आले. तुळयांना वाळवी लागली की काय ते पाहायचे होते. बंद खोल्या उघडल्या, झाडल्या, आणि हवा खेळू दे म्हणून बाळकृष्णरावांनी मागची दारे नुसती लोटून ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रमती कोल्लैत तुळशी खुडायला गेली, तेव्हा तिला कमलाक्षीच्या खोलीचे दार किलकिले दिसले. ती आत गेली. आत तिचे काही काम नव्हते. खोली रिकामी होती. एका खुंटीला जपाची पिशवी तेवढी राहिली होती. भिंतीत झरोक्याची फळी होती, तिच्यावर धूळ. चंद्रमतीने पदराने ती पुसली, आणि पुसता पुसता कडी खाली पडली.

पलीकडे हालचाल झाली. काहीतरी लवंडले. मग इतक्या वर्षांत न निघालेली दुसरी कडी करकरत निघाली आणि राजमचा आवाज अगदी जवळून आला.

"कोण ग? नवी आलीस?"

चंद्रमतीने तोंड उघडले. पण आपला आवाज ऐकला की ही फळी तिथल्या तिथे मिटणार हे तिला कळत होते. आणि किती दिवसांत तिच्याशी असे हसून कुणी बोलले नव्हते. ती गप्प उभी राहिली.

"बोलत का नाहीस? बाई ग, मला दिसत नाही. कुणी आहे की उंदीर आहे?"

चंद्रमतीने बोटाने फळीवर टकटक केली.

राजम थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "अच्छा! मौन आहे होय तुझं? चातुर्मासाचं?"

आषाढी एकादशी नुकतीच झाली होती. तंजावूरच्या मराठी घरांतून म्हाताऱ्या बायका चातुर्मासात कांदा, वांगी सोडत, कुणी एकभुक्त राहत, कुणी कार्तिकातल्या द्वादशीपर्यंत मौन धरीत. त्यामुळे राजमला यात नवल वाटले नाही. उलट ती खूश झाली.

चंद्रमतीने पुन्हा टकटक केली.

"बरं झालं. माझी आईही धरायची. थांब हं, तुला काहीतरी देते." आणि घाईघाईत, शोधत शोधत तिने एक वाटी आत सरकवली. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी होती, वरून मोहरीची फोडणी.

चंद्रमतीने ती तिथेच भिंतीला टेकून खाल्ली. मीठ जरा जास्त होते. ते सांगता येत नव्हते.

त्या दिवशी नागलक्ष्मी तिच्याकडे आली ती हसू दाबत. "राजमअक्का विचारतात, नव्या बाईंचं नाव काय, कुठल्या गावच्या. मी म्हटलं कोण नवी बाई? तर म्हणतात, तू आंधळी की मी?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? कोल्लैतून तुम्हाला त्या खोलीतून निघताना पाहिलं. तोंडाला पच्चडी होती."

चंद्रमतीने पदराने तोंड पुसले. "सांग, मौन आहे, नाव मला ठाऊक नाही. कडक सोवळ्याची आहे, आपलं आपण रांधते."

"हे नाटक किती दिवस, अक्का?"

"उद्या बंद करीन," चंद्रमती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती अनवाणी कोल्लैतून त्या खोलीत गेली, आणि पलीकडून "उठलीस का ग?" आले तेव्हा तिने टकटक केली. राजमच्या "बरं" मध्ये इतके समाधान होते की बंद करण्याचे राहून गेले. मग रोजचेच झाले. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा चंद्रमती झरोक्याशी चटई टाकून बसे. राजम बोलत राही. आपल्या बालपणीचे तिरुवैयारु, नदीकाठची पाठशाळा, लग्नानंतरचे कुंभकोणम्, भावाने इथे आणून सोडले तो दिवस. चंद्रमतीने हे कधी विचारले नव्हते. एकाच अंगणात इतकी वर्षे राहून राजमला भाऊ होता हेच तिला ठाऊक नव्हते.

कधी कधी राजम समोरच्या बाईबद्दलही बोले.

"तुला ऐकू येत असेल ना ती? रस्त्याकडच्या खोलीतली. चंद्रमती. सकाळपासून नागलक्ष्मीशी भांडते. भाजीत चिंच जास्त, रसम पातळ. यमाशीसुद्धा मिठावरून भांडेल ती."

चंद्रमतीच्या ओठांवर उत्तर आले. तिने ते गिळले. हे तिला अवघड जात होते. दिवसभराचे न बोललेले मग ती नागलक्ष्मीवर काढी.

"मी भांडते?" ती विचारी.

"नाही अक्का. तुम्ही नुसतं बोललात तरी तसं वाटतं," नागलक्ष्मी म्हणे.

आपल्या खोलीत परत आली की चंद्रमतीला खिडकीशी करमेना. मुले शाळेत जात, ती पाहत असे. पण ती मुले तिला ओळखत नव्हती. झरोक्यापलीकडे एक माणूस तिची वाट पाहत होते, पण ते तिची नव्हे, दुसऱ्याच कुणाची. जी मुळात नव्हतीच, तिची. हे एकदा मनात आले की गेले नाही.

आश्विनात एका दुपारी राजम म्हणाली, "तुझ्या खोलीत पूर्वी कमलाक्षी असायची. तुला सांगितलं नाही अजून."

चंद्रमतीने टकटक केली नाही.

"लोकांना वाटतं मी त्या दिवशी हाक मारली नाही. मी मारली होती ग. रोजच्यासारखी. आणि तिनं उत्तरही दिलं. 'आहे' म्हणाली. मग म्हणाली, थोडी पडते, डोकं जड आहे. मी म्हटलं पड. पडून राहू दे म्हणून मी दुपारपर्यंत पुन्हा हाक मारली नाही. झोपमोड होईल म्हणून." राजम थांबली. "चौघांत ती चंद्रमती मला बोलली. तिनं एकदा विचारलं असतं, काय झालं राजम, तर सांगितलं असतं. नाही विचारलं. मग मी तरी कुणाकुणाच्या पाया पडून सांगत फिरू? पुढं पुढं मला वाटायला लागलं, खरंच 'आहे' ऐकलं का मी? का रोज ऐकायची म्हणून त्या दिवशीही ऐकल्यासारखं वाटलं?"

चंद्रमती भिंतीला टेकून बसली होती. राजमने दोनदा विचारले, "आहेस ना?" तेव्हा कुठे तिने फळीवर बोट वाजवले.

त्यानंतरचे दिवस तिला वाईट गेले. माफी मागायची होती. ती आपल्या आवाजानेच मागावी लागणार होती, आणि आवाज काढला की पहाटेची हाक गेली, चटई गेली, तिरुवैयारु गेले, सगळे गेले. आणि इकडे राजम दिवस मोजू लागली होती.

"आता द्वादशी आली. मग तू बोलशील. तुझा आवाज कसा असेल ग? मला वाटतं बारीक असेल. मी त्या दिवशी गोड म्हणून उक्कारै करणार आहे, डाळ-गुळाची. नागलक्ष्मीला गूळ आणायला सांगितलाय."

चंद्रमतीने नागलक्ष्मीला विचारले, "काय करू?"

"सोपं आहे. मी सांगते त्यांना, लेकीनं येऊन नेलं म्हणून. दोन दिवस वाईट वाटेल. मग विसरतील."

"आणि तिनं मला सांगितलं ते?"

"ते तुम्हाला कुठं सांगितलंय? ते त्या बाईला सांगितलंय."

चंद्रमती हो म्हणाली. मग रात्र उलटली आणि सकाळी तिने नागलक्ष्मीला सांगितले, "तू काही बोलू नकोस."

द्वादशीला पहाटेच आंघोळ करून ती कोल्लैतून गेली. तंजावुरात मोठा पाऊस कार्तिकातच येतो. आदल्या दिवसापासून झड लागली होती आणि परसात घोट्याएवढे पाणी साचले होते. फळी उघडताच पलीकडून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास आला. राजम केव्हाची उठून बसलेली असावी.

"उठलीस का ग?" तिने विचारले. हसत विचारले.

"राजम," चंद्रमती म्हणाली, "मी आहे. चंद्रमती. पहिल्यापासून मीच आहे, दुसरं कुणी आलंच नव्हतं. त्या दिवशी मी तुला न विचारता बोलले. लोकांदेखत बोलले. चुकलं माझं."

इतके महिने गप्प राहून तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला.

पलीकडून वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग फळी आली, आणि कडी.

चंद्रमती उजाडेपर्यंत तिथेच बसली. नागलक्ष्मी छत्री झटकत तिला शोधत आली.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाल्या?"

"कडी लावली."

नागलक्ष्मीने तिला हात देऊन उठवले.

राजम त्या दिवशी बाहेर आली नाही. पात्र तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी थोडे जेवली. पाऊस पडतच होता. चंद्रमती आपल्या खोलीत राहिली. गल्लीत पाणी भरल्यामुळे शाळा बंद होती आणि खिडकीतून कुणीच जात नव्हते. पहाटे तिला जाग येई, सवयीने ती उठून बसे, आणि मग जायला कुठेच नाही हे लक्षात येऊन पुन्हा आडवी होई. आपण बोललो ते बरोबर केले, याबद्दल तिला शंका नव्हती. पण त्याने रिकाम्या खोल्या कमी झाल्या नव्हत्या.

पाऊस थोडा उघडला त्या दुपारी ती ओवरीत तांदूळ निवडत बसली होती. पलीकडच्या ओवरीत राजमचे दार उघडले. राजमने भिंतीची पट्टी धरली आणि ती चालू लागली. वाटेत स्वयंपाकघराशी थांबली. तिथूनच परत फिरेल असे चंद्रमतीला वाटले. पण ती कोपरा वळली, आणि हळूहळू, एका हाताने चाचपत, बंद दारांवरून पुढे येत राहिली. कमलाक्षी गेल्यापासून ती अंगणाच्या या बाजूला आली नव्हती. चंद्रमतीने सूप बाजूला ओढले, तिच्या पायात येऊ नये म्हणून.

राजम एका खांबाशी बसली. दोघींमध्ये एका खांबाचे अंतर होते.

"ती गेली," राजम अंगणाकडे तोंड करून म्हणाली.

"कोण?"

"मधल्या खोलीतली. चातुर्मासापुरतीच आली होती वाटतं."

चंद्रमतीने हातातले तांदूळ सुपात सोडले. "सांगून गेली का?"

"तसं सांगून गेली म्हणायचं." राजमने पदर सावरला. "मला राग आला. तीन दिवस राग होता."

"आता?"

"आता आहे, पण तेवढा नाही."

पागोळ्या पडत होत्या. थोड्या वेळाने चंद्रमतीने विचारले, "कशी होती ग?"

"बरी होती. दिलेलं गपचूप खायची. मीठ कमी, मीठ जास्त म्हणाली नाही कधी. आणि ऐकून घ्यायची."

"मी ऐकून घेत नाही?"

"तू!" राजम म्हणाली. "माणूस दोन शब्द बोलला की तिसरा तू आपला घालतेस."

चंद्रमती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही.

"तिला मी कमलाक्षीचं पुष्कळ सांगितलं. थोडं राहिलं. म्हटलं, मौन सुटलं की सांगू."

"मला सांग."

"मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"हे बघ, बोललीसच."

चंद्रमतीने ओठ मिटले. आभाळ पुन्हा काळे झाले, अंगणात थेंब पडू लागले, आणि बंद खोल्यांपैकी कुठल्यातरी एकीचे मागचे दार वाऱ्याने आपटत राहिले. राजम आता सांगणार की उठून जाणार, हे चंद्रमतीला कळत नव्हते. तिने विचारले नाही.

"कमलाक्षी पावसाला भ्यायची," शेवटी राजम म्हणाली.